प्रश्न मागे घेण्याची सोय

लग्नकार्यात मला हमखास एक प्रश्न यायचा. माझं माहेर मुरबाडकडचं. तिकडची माणसं पंगतीत शेजारी बसायची आणि विचारायची, "ताई, तू कॉलेजात शिकवतेस तरी काय?" मी म्हणायची, "फिजिक्स." मग वरणभात कालवून झाला की पुढचा प्रश्न, "म्हंजे वायरिंग?" सुरुवातीला मी समजावत बसायची. नंतर नंतर "हो, वायरिंग" म्हणून मोकळी होऊ लागले. त्यामुळे माझ्याकडे दुरुस्तीला मिक्सर यायला लागले. दोन-तीन मी दुरुस्त केलेही. खरं सांगते, माहेरी मला जो मान मिळाला तो पदव्यांमुळे नाही, त्या मिक्सरांमुळे.

मी शिकवत होते ते क्वांटम मेकॅनिक्स. प्रकाशाचा कण, इलेक्ट्रॉन, अणू असल्या फार बारीक गोष्टी कशा वागतात त्याचं शास्त्र. शहापूरच्या एका कॉलेजात, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना, परवापरवा निवृत्त होईपर्यंत. तुमच्या खिशातला मोबाइल याच शास्त्रावर चालतो. त्याचं गणित इतकं चोख आहे की आजवर ते फसल्याचं कोणी दाखवलेलं नाही. आणि गंमत अशी की या गणिताचा अर्थ काय, यावर ते करणाऱ्यांचंच एकमत नाही. अजून भांडतात. मोठमोठी, डोक्याने तल्लख माणसं, पण या एका गोष्टीवर चहा गार होईपर्यंत भांडतात.

अभ्यासक्रमाला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. समीकरण सोडवा, मार्क घ्या, घरी जा. मला ते कधी पटलं नाही. माणूस वर्षभर एखाद्याबरोबर राहतो आणि त्याच्या मनात काय आहे ते विचारत नाही, हे कसं चालेल? म्हणून शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं झालं की प्रयोगशाळेमागच्या अंधाऱ्या खोलीत मी एक जादा वर्ग घ्यायची. परीक्षेला त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे येणारी मुलं थोडीच असायची, पण ती मनापासून यायची.

त्या खोलीतला प्रयोग फार साधा होता. काचेची पट्टी दिव्याच्या ज्योतीवर धरून काळी करायची. दोन ब्लेडं एकमेकांना चिकटवून त्या काजळीवर एकदाच ओढायची. दोन बारीक रेघा उमटतात, अगदी शेजारी शेजारी. मागून लेसरचा लाल उजेड सोडायचा. दोन फटी आहेत, तेव्हा समोरच्या भिंतीवर दोन लाल रेघा पडाव्यात असं कोणालाही वाटेल. पडतात किती तरी. लाल पट्टा, काळा पट्टा, पुन्हा लाल, पुन्हा काळा, अशी ओळच्या ओळ. दोन्ही फटींतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे वाढतात, कुठे पुसल्या जातात, म्हणून पट्टे. इतकी वर्षं मी ते पाहिले, पण दरवेळी पट्टे उमटले की माझं बोलायचं राहून जायचं. बाहेर माहुलीच्या डोंगरावरून ढग उतरत असायचे, खिडकीच्या काळ्या पडद्याला गार वारा लागायचा, आणि आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत बसायचो.

मग मी पुढची गोष्ट सांगायची. प्रकाश कणाकणाने सोडला, एक पोचला की मग दुसरा, तरी हळूहळू तेच पट्टे तयार होतात. आमच्याकडे तसलं यंत्र नव्हतं, मी त्याची फिल्म दाखवायची. एकटा कण मिसळतो कोणात? आणि तो कुठल्या फटीतून जातो हे बघायची सोय केली, तर पट्टे जातात. नुसते दोन ढीग उरतात. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते बघायच्या आधी कण कुठे होता, यावर.

एक पक्ष म्हणतो, हे विचारूच नका. जोवर मोजलं नाही तोवर "कुठल्या फटीतून" या प्रश्नाला उत्तरच नसतं. उत्तर लपलेलं नसतं हो, ते नसतंच. दुसरा पक्ष म्हणतो, काहीतरीच काय? कण एकाच फटीतून जातो, त्याची वाट ठरलेली असते. त्याच्या पुढे एक लाट चालते, ती दोन्ही फटींतून जाते आणि त्याला रस्ता दाखवते. मी तिला वाटाड्या लाट म्हणायची. मात्र ही लाट मानली की इथली गोष्ट दूरच्या गोष्टीला तत्क्षणी बांधलेली मानावी लागते, आणि ते पुष्कळांच्या पचनी पडत नाही. तिसरा पक्ष सगळ्यात धीट. तो म्हणतो, मोजलं की जगाच्याच दोन फांद्या होतात, एकीत कण या फटीत सापडतो, दुसरीत त्या, आणि मोजणारे तुम्हीही दोन्हीकडे असता. चौथे म्हणतात, ही लाटबीट बाहेर कुठे नाहीच, पुढे काय दिसेल याबद्दलचा तो आपला अंदाज आहे, दिसलं की अंदाज बदलतो, इतकंच. चौघांचं गणित एकच येतं. त्यामुळे प्रयोग करून कोणाला खोटं पाडता येत नाही. मुलं विचारायची, "मॅडम, तुमी कोणत्या पक्षाच्या?" मी सांगायची, "सोमवारी पहिल्या, पगाराच्या दिवशी तिसऱ्या." चेष्टा केली तरी खरं हेच की माझं कधी ठरलं नाही.

या वर्गाला बाहेरचीही गिऱ्हाइकं यायची. एकदा एक गृहस्थ "क्वांटम माळ" घेऊन आले. गळ्यात घातली की गुडघे दुखायचे थांबतात म्हणे, फक्त माझी सही हवी होती. मी त्यांना इतकी बोलले की शिपाई धावत आला.

दुसरे पाटकरकाका. आसनगावला राहणारे, मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. मोबाइलवर त्या फांद्यांवाल्या जगांबद्दल काहीतरी पाहून आले आणि मग दर शनिवारी येत राहिले. एकदा मुलं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे एखाद्या फांदीत आमची ही अजून असेल?" त्यांची बायको आजारपणात गेली होती. मी म्हणाले, "तो पक्ष खरा असेल, तर असेल. पण आपल्याला तिकडे जाता येत नाही काका, निरोपही पाठवता येत नाही." ते म्हणाले, "जायचं नाहीये हो. असली म्हणजे झालं." त्या दिवसापासून मी तिसऱ्या पक्षाची टिंगल करणं सोडून दिलं. त्यांना खोटी आशा लावली की काय, ही रुखरुख मात्र अजून आहे.

निकिता याच वर्गातली. खर्डीच्या पुढे, तानसा तलावाच्या अंगाला तिचं गाव. वडील धर्माभाऊ भातशेती करायचे, आई नव्हती. पोरगी गणिताला पक्की, पण बोलायला भिडस्त. पहिल्या पक्षाबद्दल मी सांगत होते, विचारल्याशिवाय उत्तर नसतं वगैरे, तेव्हा ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "मॅडम, आमच्या कौलासारखं हाय हे."

तिने सांगितलं ते असं. गावात मोठी गोष्ट करायची, विहीर खणायची, सोयरीक जमवायची, तर आधी गावदेवीला कौल लावतात. देवीच्या दगडाला दोन ओली फुलं चिकटवायची, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. प्रश्न मोठ्याने घालायचा आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फूल पडेपर्यंत कोणी उठायचं नाही. "आणि एक हाय," ती म्हणाली, "ज्यानी प्रश्न घातला त्याला तो फूल पडायच्या आत मागे घेता येतो. देवीच्या पायावर पाणी घालायचं आन् दोन्ही फुलं आपल्या हातानी काढायची. पन मग त्या गोष्टीचं पुन्हा कधी विचारायचं नाय. पुढं बरंवाईट होईल ते आपल्या माथी."

"असं कोणी केलंय?"

"आज्याच्या टायमाला केलं म्हनतात. मी नाय पायलं."

मी तिला लगेच बजावलं की फूल म्हणजे प्रकाशाचा कण नव्हे. ओल सुकते, वजन असतं, वारा असतो, फूल पडतं. त्यात क्वांटम काही नाही. ती म्हणाली, "ते मला माहितीये मॅडम." आणि खाली बसली.

बीएस्सीला ती वरच्या नंबराने पास झाली. मुंबईत एमएस्सीला जागा मिळाली, होस्टेलही मिळालं. प्रवेश घ्यायला चारदोन दिवस उरले असताना ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. धर्माभाऊंनी ठरवलं होतं, देवीला विचारायचं. "डावं पडलं तर संपलं मॅडम. बाबा कौल मोडनार नाय. तुमी चला ना. ते तुमचं ऐकतात." जिला मी मनातल्या मनात आणखी पुढे, परदेशापर्यंत पोचवून ठेवलं होतं, ती पोरगी आता दोन ओल्या फुलांवर अडकली होती.

पाटकरकाकांची जुनी मोटार होती. नको नको म्हणत असताना तेही निघाले. लावणी आटोपली होती, उघडीप होती, आणि भाताच्या खाचरांत ढग उतरल्यासारखे दिसत होते. वाटभर मी काय काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते. पोचलो तर धर्माभाऊ अंगणातच उभे. पाणी दिलं, चहा झाला, आणि मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, तुमी कशाला आल्या ते मला कळतंय. पन तानसाचं पानी रोज जातं मुंबईला. परत आलेलं कोनी पायलंय?"

मी म्हणाले, "निकिता काय पाणी आहे का धर्माभाऊ?"

"नाय. म्हनून तर इचारायचं." पुढे त्यांनी मला वाद घालूच दिला नाही.

देऊळ म्हणजे झाडाखाली पत्र्याचं छप्पर आणि शेंदूर लावलेला दगड. गुरव म्हातारे, कमरेत वाकलेले. त्यांनी जास्वंदीची दोन फुलं पाण्यात बुडवून चिकटवली. धर्माभाऊंनी हात जोडून प्रश्न घातला. "माजी पोर शिकाया मुंबईला धाडू का? धाडायची तर उजवं दे, नाय तर डावं दे." आणि आम्ही बसलो. निकिता माझ्याशेजारी. तिचा हात मी धरून ठेवला.

फूल पडेना. वारा अगदीच नव्हता. झाडावरून थेंब पत्र्यावर टपटपत होते. दूर कुठेतरी मालगाडी घाटाकडे चढत होती, तिचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला आणि मग कधी थांबला ते कळलं नाही. लाल फुलं ओल्या दगडावर नुसती होती. मला आमची अंधारी खोली आठवत होती. इतका वेळ गप्प बसणं पाटकरकाकांना जमणारं नव्हतं. ते गुरवांना हळूच म्हणाले, "बाबा, एका जगात उजवं पडेल, एका जगात डावं. दोन्ही होणार."

गुरव त्यांच्याकडे बघत राहिले. "आन् दक्षिना कोन्त्या जगात ठेवनार?"

धर्माभाऊसुद्धा हसले. मग गुरव म्हणाले, "तसं काय नसतं. देवीला आधीच ठावं असतं. वाट ठरल्येली हाय. फूल आपल्याला सांगतं, तेवढंच."

"मला नाय तसं वाटत," धर्माभाऊ म्हणाले. "आपन इचारतो तवा देवी ठरवती. इचारलंच नाय तर कशाला ठरवंल?"

मी कपाळाला हात लावला. शनिवारचा वर्ग माझ्यामागे इथवर आला होता. फरक एवढाच की इथे एका मुलीचं आयुष्य टांगणीला लागलेलं होतं आणि तिला यांतला एकही पक्ष नको होता, तिला जायचं होतं.

बऱ्याच वेळाने धर्माभाऊ बोलले, फुलांवरची नजर न काढता. "मॅडम, मी बी जानार व्हतो. मामाच्या वळखीनी बोटीवर काम मिळत व्हतं. आमच्या बापानी कौल लावला. हितंच. डावं पडलं. मी रायलो. वाईट नाय झालं काय. शेती केली, लगीन झालं, ही पोर झाली. पन आवनीच्या चिखलात पाय रवून उभा असलो ना, का कदी कदी बोट हालल्यावानी वाटतं." मग ते म्हणाले, "ह्या काकांच्या हिशोबानी तो दुसरा धर्मा हाय का? बोटीवरचा?"

पाटकरकाका काही बोलणार होते, मी त्यांना खुणेने थांबवलं. त्यांना एकदा दिलेलं उत्तर अजून मला टोचत होतं. मी म्हणाले, "धर्माभाऊ, खरं सांगते. काही शास्त्रज्ञांच्या मते असे दुसरे आपण असतो. काहींच्या मते तो धर्मा कधी नव्हताच. गणित दोघांचं सारखं येतं, त्यामुळे गणित काही सांगत नाही. आणि फुलाचं म्हणाल तर ते पाणी सुकलं की पडतं. माझ्या शास्त्रात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"मंग तुमी हितं कशाला आल्या?"

"निकिताला जायचंय, हे सांगायला. ते मला नक्की माहिती आहे."

त्यांनी पहिल्यांदाच निकिताकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. ते म्हणाले, "खरंय गो?" तिने मान डोलावली. "आन् डावं पडलं तर?"

"तर राहीन बाबा."

"राहशील ना. मला ठावं हाय, राहशील. मी बी रायलो." ते पुन्हा फुलांकडे वळले. "आन् मंग तुला बी आवनीत उभी राहून बोट हालल्यावानी वाटंल."

डावं फूल खाली सरकलं होतं. मी पाहिलं, गुरवांनी पाहिलं. देठ सुटला होता, पाकळ्यांवर तगून होतं. धर्माभाऊ उठले. गुरव म्हणाले, "धर्मा, बस खाली." ते बसले नाहीत. त्यांनी तांब्या घेतला, देवीच्या पायावर पाणी घातलं, आणि आधी डावं, मग उजवं, अशी दोन्ही फुलं आपल्या हाताने काढली.

"कौल मोडलास?" गुरव उभे राहू लागले.

"मोडला नाय बाबा. पडायच्या आत घेतलाय. प्रश्न मागं घेतला मी." ते देवीकडे बघत म्हणाले, "तू नको ठरवू. मी धाडतोय तिला. बरं झालं तर तुजी किरपा, वाईट झालं तर माजं."

निकिता तिथेच मोठ्याने रडली. मीही रडले, लपवायचं कशाला? पाटकरकाका चष्मा पुसत मोटारीकडे गेले. फुलं धर्माभाऊंच्या मुठीतच राहिली होती. ती कुठे ठेवायची ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि आम्हाला जेवायला चला म्हणाले.

निकिता आता एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या डोक्यात पुढचं शिक्षण आहे, आणखी लांबचं. सणावाराला येते. गावात काही माणसं अजून म्हणतात की धर्माने देवीला डावललं. भात चांगलं आलं तर कोणी बोलत नाही, बैल आजारी पडला की बोलतात. ते सगळं धर्माभाऊ निमूट ऐकून घेतात. त्या गोष्टीबद्दल पुन्हा कौल लावायची सोय त्यांना राहिलेली नाही.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात धर्माभाऊ कॉलेजात आले. नव्या भाताचे पोहे आणले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर संकोचून म्हणाले, "निकिता सांगती त्या अंधाऱ्या खोलीचं. मला बघाया मिळंल?"

मी पडदे ओढले. दिव्यावर नवी काच धरली, ब्लेडं ओढली, लेसर लावला. भिंतीवर पट्टे उमटले. लाल, काळा, लाल, काळा. ते जवळ गेले, हात लावला, त्यांच्या बोटांवर पट्टे पडले. मग म्हणाले, "ह्यातला एक कन धरा. तो कुटल्या रेघंतनं आला?"

मी तोंड उघडलं. चारही उत्तरं जिभेवर होती, एवढी वर्षं सांगितलेली. त्यांनीच हाताने थांबवलं. "नको मॅडम. बघाया गेलं का पट्टे जातात ना? पोरीनी सांगितलंय मला."

"जातात," मी म्हणाले. अंधारात मलाही धीर आला, म्हणून विचारलं, "निकिता पुढे काय म्हणते? शिकून झाल्यावर परत इकडे येणार आहे का?"

धर्माभाऊ भिंतीकडेच बघत होते. "इचारलं नाय मी," ते म्हणाले.

मी लेसर बंद करायला हात पुढे केला. ते म्हणाले, "राऊ द्या थोडं."